सहावं बोट

“मोजा,” इंगवले म्हणाले. “तुम्हीच मोजा, ऐनापुरे सर. आम्ही मोजली तर उद्या म्हणाल, परीक्षकांनी आधीच ठरवलं होतं.”

अक्षताचं चित्र टेबलावर आडवं पडलं होतं. सकाळी दहापर्यंत ते बाहेरच्या दालनात, दारातून आत पाऊल टाकलं की समोर दिसेल अशा जागी होतं आणि त्याच्या कोपऱ्याला पहिल्या क्रमांकाची लाल फीत होती. आता फीत काढून पेपरवेटखाली ठेवली होती.

मी चष्मा पुसला. चित्रात एक माणूस परांचीवर उभा राहून भला मोठा फ्लेक्स बांधत होता. फ्लेक्सवर कुणा पुढाऱ्याचा हसरा चेहरा. त्या चेहऱ्याचा एकेक दात त्या माणसाच्या डोक्याएवढा. दुपारचं पिवळं ऊन, घामानं पाठीला चिकटलेला शर्ट, आणि बांबूला दोरीचा वेढा देणारी त्याची मूठ. सगळं चित्र त्या मुठीत येऊन थांबत होतं.

मी बोटं मोजली. पुन्हा मोजली.

“किती?” टिळेकर मॅडमनी विचारलं.

“सहा.”

“म्हणजे आम्हालाच तसं दिसतंय असं नाही,” त्या म्हणाल्या आणि खुर्चीत मागे टेकल्या.

माझ्या कानशिलांवरून घाम ओघळला. पंखा डोक्यावरच होता.

ही गोष्ट काही वर्षांपूर्वीची. मोबाइलला एक ओळ सांगितली की पुरं चित्र काढून देणारी यंत्रं तेव्हा नुकतीच आली होती. त्यांना सगळं जमायचं, बोटं तेवढी जमायची नाहीत. कधी चार, कधी सहा, कधी एकात एक अडकलेली. वर्तमानपत्रांत रोज वाद चालायचा, ह्याला चित्र म्हणायचं की नाही, बक्षीस द्यायचं की नाही. दोनच दिवसांपूर्वी ह्याच दालनात त्यावर परिसंवाद झाला होता आणि इंगवले दीड तास बोलले होते. कोल्हापुरातला जुना, नाव असलेला चित्रकार. पंच्याहत्तरी उलटलेली, आवाज खणखणीत. शालेय मुलांच्या या राज्य स्पर्धेचे ते प्रमुख परीक्षक. टिळेकर मॅडम पुण्याहून आलेल्या दुसऱ्या परीक्षक.

सकाळी प्रदर्शन बघायला आलेल्या कुणीतरी अक्षताच्या चित्राचा फोटो काढला, मुठीभोवती लाल गोल केला, खाली लिहिलं, ‘बोटं मोजा’, आणि स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेच्या ग्रुपवर टाकला. अकरा वाजेपर्यंत तो संस्थेतल्या प्रत्येकाच्या फोनवर आला होता.

“मॅडम, हे कागदावर रंगवलेलं चित्र आहे,” मी म्हणालो. “पोस्टर कलर आहे. हात लावून बघा.”

“यंत्रानं कागदाला रंग लावला असं कोण म्हणतंय? मोबाइलवर चित्र तयार करून घ्यायचं, समोर ठेवायचं आणि हुबेहूब उतरवायचं. तीन शाळांत पकडलंय मी. उतरवताना पोरं बोटंसुद्धा आहेत तशी उतरवतात, इतकी प्रामाणिक!”

अक्षता भिंतीला टेकून उभी होती. नववीतली पोर, शाळेचा गणवेश, घट्ट दोन वेण्या. डाव्या हाताच्या नखांत निळा रंग होता. तो तिच्या नखांतून कधी जायचाच नाही. मी तिला पाचवीपासून शिकवत होतो. गडहिंग्लजच्या आमच्या शाळेत तोवर अठ्ठावीस वर्षं मी चित्रकला शिकवली होती. हजारो पोरं हाताखालून गेली, पण जे दिसतं तेच काढणारी अशी एकच. इतर पोरं झाड म्हटलं की त्यांना पाठ असलेलं झाड काढतात. ही खिडकीशी जाऊन उभी राहायची, आधी बघून घ्यायची.

तिचे वडील इराप्पा हत्तरगी पेंटर. एके काळी गडहिंग्लजच्या बाजारपेठेतल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. मग फ्लेक्स आला. दोन तासांत छापून मिळणाऱ्या बोर्डापुढं चार दिवस अक्षर घोटणारा माणूस कोण ठेवणार? इराप्पा आता तेच फ्लेक्स बांबूवर चढून बांधायचे. अक्षतानं चित्रात काढलेला माणूस तोच.

पहिल्या क्रमांकाच्या मुलाला दहावीनंतर संस्थेच्या चित्रशाळेत पाच वर्षं शिक्षण, वसतिगृह, रंगकागद, सगळं मिळणार होतं. इराप्पांनी मला शाळेत येऊन सांगितलं होतं, “सर, पयली आली तर कोल्हापूर. दुसरी आली तरी कॉम्प्युटरचा कोर्स. रंगात हात घालून माझं काय झालं ते तिनं बघिटलंय.” आणि ती पहिली आली होती. बक्षीस समारंभ चार वाजता होता. इराप्पा अकराच्या गाडीत बसलेले असणार होते.

“अक्षता,” इंगवले म्हणाले, “इकडं ये बाळ. घाबरू नको. कुणी मारत नाही.”

ती टेबलाजवळ आली.

“हे चित्र मोबाइलवरनं उतरवलंस?”

“न्हाई सर.”

“मग हा हात परत काढून दाखवशील? दोरीसकट? चित्र मी झाकून ठेवतो.”

“व्हय सर.”

“किती वेळ लागेल?”

तिनं थोडा विचार केला. “चहा आला तर तासभर. न्हाई आला तर पाऊण तास.”

इंगवले मोठ्यानं हसले. टिळेकर मॅडमही हसल्या. मलाही वाटलं, सुटलो. चहा मागवला गेला.

तिनं कागद तिरका केला, पेन्सिल डाव्या हातात धरली. आधी बांबू, मग दोरी. मुठीची जागा तिनं मोकळी सोडली आणि दोरीचा पीळ न् पीळ काढत बसली. इंगवले उठून तिच्या मागं जाऊन उभे राहिले. मग तिनं बोटं काढली, करंगळीपासून सुरुवात करून. चार बोटं बांबूवर वळलेली. शेवटी अंगठा. तो दोरीच्या खाली दाबलेला होता, नुसतं नख आणि पेराचा फुगवटा दिसत होता. दोरी आवळताना माणूस अंगठा तसाच दाबतो. ज्यानं दोरी बांधताना बघितलेलं नाही, त्याला तो अंगठा काढता येणार नाही.

“अगं!” इंगवलेंनी कागद उचलला. “टिळेकर, बघा हे. ही पोर यंत्रामागं जाणारी आहे? यंत्र हिच्या मागं जाईल!”

मॅडमनी कागद हातात घेतला. त्या वाईट बाई नव्हत्या, हे मला सांगितलंच पाहिजे. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, “सुरेख आहे. खरंच सुरेख.” मग मोठं चित्र उघडून दोन्ही शेजारी ठेवली.

“आता मला एवढंच सांग. इथं अंगठा दोरीखाली आहे. या मोठ्या चित्रातही, नीट बघ, दोरीखाली अंगठा आहे. तोच, तसाच. मग दोरीच्या वर हा आणखी एक अंगठा आला कुठून?”

मॅडमनी त्या वरच्या अंगठ्यावर पेन्सिल टेकवली.

“तुझ्यासारखी मुलगी असं चुकत नाही. म्हणून विचारते.”

अक्षतानं टेबलाच्या पायाकडं बघितलं. मग एकदा माझ्याकडं. मी खिशातून रुमाल काढला आणि मान पुसली.

दारात इराप्पा आले ते नेमके तेव्हा. पांढरा शर्ट इस्त्री केलेला, केसांना तेल. त्यांनी वाकून सगळ्यांना नमस्कार केला.

“भायेर बघत हुतो. म्हणलं, पयल्या नंबरचं चित्र कुठं लावलंय? नुसता खिळा दिसतोय तिथं.” ते हसले. कुणी हसलं नाही, तेव्हा त्यांनी माझ्याकडं बघितलं. “काय झालंय, सर?”

इंगवलेंनीच त्यांना बसवून सांगितलं. मोबाइल, यंत्र, सहा बोटं. इराप्पांचा चेहरा कसा होत गेला ते मी बघितलं नाही. मी पेपरवेटखालच्या फितीकडं बघत होतो.

“यंत्रानं?” ते एवढंच म्हणाले. “माझ्या पोरीनं?”

ते उठून टेबलाशी गेले. ते चित्र त्यांनी आजवर पाहिलेलं नव्हतं. अक्षतानं ते शाळेतच काढलं होतं, घरी दाखवलं नव्हतं. आप्पांना एकदम टांगलेलं दाखवायचं, असं तिच्या मनात होतं. इराप्पांनी स्वतःची पाठ बघितली, स्वतःचा शर्ट बघितला, मग वाकून ती मूठ बघितली. फार वेळ बघितली. नाक कागदाला लागेल इतके वाकले. मग सरळ झाले आणि माझ्याकडं बघितलं. परत खुर्चीवर जाऊन बसले.

टिळेकर मॅडम अक्षताला म्हणाल्या, “हे बघ. तू काढलंस, यंत्रानं काढलं, याशिवाय आणखी एक शक्यता आहे. दुसऱ्या कुणाचा हात लागला असेल. कुणी मोठ्या माणसानं. तसं असेल तर सांग. हे चित्र बाद होईल, त्या माणसावर आणि शाळेवर पाच वर्षं बंदी येईल, नियमच आहे. पण तुझं आजचं हे चित्र आमच्या दोघांच्या समोर काढलेलं आहे. तेच धरून तुझी जागा तुला देऊ. काय इंगवले सर?”

“आनंदानं,” इंगवले म्हणाले.

“पण तू गप्प राहिलीस तर आम्हाला काही करता येणार नाही. बाहेर पत्रकार बसलेत.”

भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून वीस मिनिटं झाली होती. मी बघत होतो म्हणून मला माहीत आहे. मिनिटकाटा सहावरून पुढं गेला तरी कुणी बोललं नाही. मी मनात एकेक गोष्ट रचत होतो. आमच्या शाळेची आणखी दोन मुलं प्रदर्शनात होती, त्यांचं काय? शाळेचं नाव? पुढच्या पाच वर्षांच्या पोरांचं काय? सगळं खरं होतं. त्यातलं एकही खरं कारण नव्हतं.

“मोबाइलवर काढलं,” अक्षता म्हणाली.

“काय?”

“मोबाइलवर काढून घेतलं. मग बघून रंगवलं.”

इंगवले मटकन बसले. “अगं, मग इतका वेळ... काय म्हणायचं तुला!”

मॅडमनी कागद पुढं केला. तिनं डाव्या हातानं दोन ओळी लिहून दिल्या, खाली पूर्ण नाव लिहिलं, अक्षता इराप्पा हत्तरगी. अक्षर सुरेख होतं. वडिलांनी घोटून घेतलेलं.

आम्ही तिघं व्हरांड्यात आलो. अक्षता नळावर तोंड धुवायला गेली. इराप्पा खांबाला पाठ लावून उभे राहिले. आत कुणीतरी फोनवर सांगत होतं, हो, कबूल केलंय, लेखी घेतलंय, छापा.

“सर,” इराप्पा म्हणाले, “माझ्याकडं बटनाचा फोन हाय. तिच्या आईकडं तर तो बी न्हाई. ह्या पोरीनं कुणाच्या मोबाइलवर काढलं चित्र?”

मी नळाकडं बघितलं.

“मी अडाणी रंगारी. पण पस्तीस वर्षं ब्रश धरलाय. ते वरचं बोट हाय न्हवं, त्याची वढ उजव्या हाताची हाय. वरनं खाली डावीकडं उतरलीय. बाकी सगळं चित्र डावऱ्या हाताचं.” त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता. “आत गेल्या गेल्याच वळखलं मी. तुमच्याकडं बघिटलं. म्हणलं, सर बोलतील.”

“इराप्पा...”

“माझ्या तोंडातनं निघालं असतं तर तुमची इज्जत गेली असती. म्हणून तुमच्यावर सोडलं.”

ते बोट कसं आलं, ते आता लिहितो.

चित्र पाठवायचा तो शेवटचा दिवस होता. कुरिअरवाला पाचला बंद करायचा. अक्षताची गणिताची चाचणी चालू होती आणि चित्र माझ्या टेबलावर वाळत होतं. मी शेवटची नजर फिरवली. आम्हा चित्रकला शिक्षकांना एक खोड असते. पोराचं चित्र स्पर्धेला जायचं म्हटलं की आम्ही त्यावर शेवटचा हात फिरवतो. कुठं सावली गडद कर, कुठं डोळ्यात पांढरा ठिपका दे. सगळे करतात, कुणी बोलत नाही, आणि वर पाठीमागं चिकटवलेल्या फॉर्मवर सही करतात की सदर चित्र विद्यार्थ्याने कोणाच्याही मदतीशिवाय काढले आहे. मीही अठ्ठावीस वर्षं करत आलो होतो. त्या दिवशी मला वाटलं, मुठीला अंगठा नाही. पोर विसरली. मी बारीक ब्रश उचलला आणि दोरीवर एक अंगठा ठेवला. छान जमला. दोरीखाली तिचा खरा अंगठा होता, तो मला दिसला नाही. जो मला पाठ होता, तो मी काढला. त्याच हातानं सही केली.

“मी आत जातो,” मी इराप्पांना म्हणालो.

“जावा,” ते म्हणाले. “अजून चार वाजायचेत.”

मी गेलो. इंगवले आणि टिळेकर मॅडम जेवायला बसले होते, डबे उघडलेले होते. मी उभ्यानंच सांगितलं. अंगठा मी काढला. सही खोटी आहे. पोरीनं माझ्यासाठी खोटं सांगितलं. मला काय शिक्षा द्यायची ती द्या, तिची जागा तिला द्या.

दोघांनी एकमेकांकडं बघितलं.

“बसा ऐनापुरे सर,” इंगवले म्हणाले. “भाकरी खाणार?”

“सर, मी खरं सांगतोय.”

“तुमचं नाव ऐकून आहे मी. गडहिंग्लजला एक मास्तर आहे, पोरांसाठी जीव टाकतो, सुट्टीत घरी बोलावून शिकवतो. आज डोळ्यांनी बघितलं.”

“मी ते बोट काढलं!”

“सर,” मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, “मी मघाशी विचारलं तेव्हा तुम्ही समोरच बसला होता. दहा-बारा मिनिटं झाली असतील. तेव्हा का बोलला नाहीत?”

“भीती वाटली.”

“कशाची?”

“माझी सही आहे मागं. लोक काय म्हणतील याची.”

“आणि आता नाही वाटत?”

त्यांनी मान हलवली, अगदी मायेनं. “खरं सांगू? तुमच्या जागी असते तर मीही हेच केलं असतं. पोरीला वाचवायला स्वतःवर घेतलं असतं.”

मी चित्र मागितलं. ब्रशची ओढ दाखवली, डावं-उजवं सांगितलं. इंगवलेंनी भिंग लावून बघितलं. “ओढ उजवीकडून आलीय खरी. पण कागद फिरवून धरला की डावखुऱ्याचीही अशीच येते. मघाशी ती कागद तिरकाच धरून बसली होती.” मग मी रंग मागितला. एका कोऱ्या कागदावर तसंच बोट काढून दाखवलं. ब्रश दोनदा घसरला, बोट वेडंवाकडं आलं. इंगवलेंनी तो कागद उचलून बाजूला ठेवला, आजारी माणसाच्या हातातली वस्तू काढून घ्यावी तसा.

“आणि समजा,” मॅडम म्हणाल्या, “तुमचं खरं धरलं. मग ती लेखी खोटं बोलली असं होतं. म्हणजे एकतर चित्र खोटं, नाहीतर पोरगी खोटी. मी बाहेर जाऊन काय सांगू? आज सगळा महाराष्ट्र याच विषयावर भांडतोय. बातमी गेलीय, सर. उद्या आम्ही फिरवली तर म्हणतील, दबाव आला. त्या मुलीच्याच मागं लागतील.”

“तिला आयुष्यभर...”

“नाव छापू नका म्हणून सांगितलंय मी. तेवढं केलंय.”

मी निघायला वळलो. इंगवले डब्यात बघत म्हणाले, “फार गुणी पोर आहे हो. वाईट वाटतं.” मग मान वर करून त्यांनी विचारलं, “तुम्ही कुणाचा हात कधी लागू देत नसाल ना पोरांच्या चित्रांना? नाही, तुम्ही त्यातले नाही.”

बाहेर आलो तेव्हा अक्षता पायरीवर बसली होती. इराप्पांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि विचारलं नाही.

“त्यांना पटत नाही,” मी म्हणालो. “मी उद्या परत येतो. अर्ज देतो. हेडमास्तरांना घेऊन...”

“सर, ऱ्हाऊ दे.”

“इराप्पा, पोरीचा हात बघा. तिला चित्रशाळा नाही तर दुसरं कुठंतरी...”

“पयली आली तर, असं ठरलं हुतं. ठरलं हुतं का न्हाई?” त्यांनी पायरीवरून तिची पिशवी उचलली. “तुमच्यावर राग न्हाई माझा. दोरी बांधायला गेलो की मी बी एकदा हिसकून बघतो, दुसऱ्यानं बांधली असली तरी. हात र्‍हात न्हाई. पण खाली कोण उभं हाय ते बघावं लागतंय.”

मी अर्ज दिले. तीन. एकाचंही उत्तर आलं नाही. हेडमास्तर म्हणाले, कशाला उकरता? दोन मुलांना उत्तेजनार्थ मिळालंय, आनंद माना. पण ते नंतरचं.

त्या दिवशी आम्ही साडेचारच्या गाडीत बसलो. स्टँडकडं चालत निघालो तेव्हा मागं दालनात टाळ्या वाजत होत्या. गाडीत एकच जागा पुढं रिकामी होती, तिथं इराप्पा बसले. मला आणि अक्षताला मागचं बाकडं मिळालं. कागल गेलं, निपाणी गेली. तिच्या मांडीवर तो तासाभरात काढलेला हात होता, सुरळी करून. मॅडमनी तो तिला परत दिला होता. मी तीन-चारदा बोलायला तोंड उघडलं. पोरांशी काय बोलावं हे मला तोवर कधी शोधावं लागलं नव्हतं.

“अक्षता,” मी शेवटी म्हणालो, “तू मोबाइलचं का सांगितलंस? माझं नाव का नाही घेतलंस?”

“तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते.”

ती तक्रार करत नव्हती. गणिताचं उत्तर सांगावं तसं सांगत होती.

“मग घड्याळ बघितलं. म्हटलं, सर काही बोलत न्हाईत म्हणजे बोलण्यासारखं नसेल. त्या बाईंना काहीतरी सांगायलाच लागणार होतं.”

संकेश्वरजवळ गाडी थांबली. लोक चढले, आम्ही सरकून बसलो. ती माझ्या दंडाला टेकली. मला वाटलं, झोपली.

“सर.”

“काय गं?”

“तुम्ही चित्र गुंडाळत होता न्हवं, कुरिअरला द्यायच्या आधी? तेव्हा मी बोटं मोजली होती.”

“तेव्हा?”

“व्हय. पेपर सुटल्यावर मी आले, चित्र गुंडाळायला कोपरा धरला, तेव्हा दिसलं. सहा आली. परत मोजली.”

“अगं, मग तिथल्या तिथं का बोलली नाहीस? दोन मिनिटांत रंग फिरवला असता त्यावर. पोस्टर कलर तो!”

पुढच्या सीटवर इराप्पांचं डोकं गाडीच्या हिसक्यानं डुलत होतं.

“तुम्ही काढलं होतं,” ती म्हणाली. “म्हणून मी घरी गेले आणि आप्पा जेवायला बसल्यावर त्यांची बोटं मोजली.”